परीक्षेच्या दिवशीचा पाव

मी एक जुना अर्धपुतळा आहे, प्लास्टरचा. परदेशात साच्यातून निघालो आणि पेंढ्यात गुंडाळून बोटीने इजिप्तमधल्या कैरोच्या कलाशाळेत आलो. माझ्याकडे पाहून मुलांनी कोळशाने चित्र काढायचं, एवढंच माझं काम. सुरुवातीला समोर बसायची ती पाशांची, म्हणजे बड्या सरदारांची, आणि वकिलांची मुलं. मग सरकारने शाळा आपल्याकडे घेतली, पुढे फी माफ केली, वसतिगृह दिलं, आणि न्हाव्यांची, विणकरांची मुलंही येऊ लागली. मित्रांनो, तेव्हा मला फार अभिमान वाटे. आता त्या खोलीतली एक परीक्षा आठवली की मान खाली घालावीशी वाटते. पण माझी मान वाकत नाही.

रातिबा ही दूरच्या अखमीम गावातल्या एका विणकराची मुलगी. तिच्या गल्लीतून इथवर आलेली पहिलीच. वर्षाची परीक्षा पास झाली तरच सरकारी जागा टिकायची, नाहीतर परत मागावर.

कोळशाची चुकलेली रेघ पावाच्या मऊ गराने पुसतात. शाळा त्यासाठी पाव मागवी. मुलं तो चोळून काळा करत आणि पायाखाली टाकत. घरी जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा अन्नाचा मान म्हणून उचलून, ओठांना लावून उंचावर ठेवणारी हीच मुलं. रातिबा मात्र घरून आणलेल्या चिंधीने पुसायची. वर्गाला शिकवणाऱ्या उस्ताद फिक्रींनी वर्षभर तिला कधी हटकलं नाही.

परीक्षेला मंत्रालयातून तपासनीस आले. शाळेने दिलेल्या वस्तूंखेरीज काहीही वापरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. उस्तादांनी रातिबाची चिंधी काढून घेतली. तिने आपला पाव खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चिंधी परत मागितली.

"अगं, तो खायला नाही दिलाय," उस्ताद म्हणाले.

"म्हणूनच तिथे ठेवला, उस्ताद. कुणीतरी खाईल."

मागून एक जण म्हणाला, "बाईसाहेब, कबुतरांची परीक्षा उद्या आहे."

वर्ग हसला. तपासनीस हसले. उस्तादांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तेही हसले. चिंधी त्यांच्याच टेबलावर होती.

रातिबाने चुकलेली रेघ तशीच राहू दिली आणि शेजारी बरोबर रेघ काढली. कागद मळका दिसत होता, तरी त्यातला मी मला ओळखू आलो. तपासनिसांनी तिथल्या तिथे काम अस्वच्छ ठरवलं. ती नापास झाली.

खोली रिकामी झाल्यावर उस्ताद माझ्यापाशी आले. त्यांच्या बुटाखाली काहीतरी चिरडलं. सवयीने वाकून त्यांनी तो पावाचा काळा गोळा उचलला, ओठांना लावला आणि तसेच उभे राहिले. ओठ काळे झाले होते. ते पुसायला त्यांचा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मंत्रालयात गेले आणि चूक आपली आहे असं सांगून आले, असं मी नंतर ऐकलं. ती जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. वसतिगृहात पोचले, तर रातिबा गाडीने गावी निघून गेलेली. पुढच्या वर्षी वर्गात पावाऐवजी चिंध्या आल्या. रातिबा आली नाही.

आता मी कोठीच्या खोलीत असतो. मला पुसून स्वच्छ ठेवा, असं मी म्हणणार नाही. सरकार जागा देतं, कागद देतं, पण त्या जागेवर आलेल्या मुलीचा हात का थांबला, हे जवळ जाऊन तिलाच विचारावं लागतं. तुमच्या वर्गात कुणी असं हात आखडून बसलं, तर हसू आवरा आणि विचारा. मित्रांनो, माझं तोंड प्लास्टरचं आहे. तुमचं तसं नाही.