हिल्डाच्या नावाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि सध्या मी रागात आहे. चिडलेला बाक तुम्ही कधी पाहिला नसेल, कारण चिडलो तरी आमचे चारही पाय जागच्या जागी असतात. माणसांचे तसे नसते.

थॉर्नसी गावात समुद्राकडे तोंड करून मी उभा असतो. गावाचा लाकडी धक्का वादळात मोडला, तेव्हा किनाऱ्याला लागलेल्या ओकच्या फळ्यांतून पर्सिव्हल नावाच्या सुताराने मला घडवले. पाठीला त्याने मुद्दाम थोडा कल दिला. "माणूस ताठ बसला की भांडतो, रेलला की बोलतो," असे तो म्हणायचा. बिचारा सज्जन होता. रेलूनही भांडता येते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

पुढची तीस वर्षे मी लोकांच्या गप्पा ऐकल्या. इथे कुणी एकदम मनातले बोलत नाही. आधी हवा. "पाऊस येणार वाटतं," असे एकजण म्हणतो, तेव्हा दोघांच्याही टोपीवरून पाणी गळत असते. "येईलसा दिसतोय," दुसरा म्हणतो. मग कचऱ्याची गाडी, उशिरा येणारी बस आणि शेवटी वर्तमानपत्र.

"मंत्री म्हणतायत, सगळं आटोक्यात आहे."

"मग छत्री घेऊनच निघालेलं बरं."

एवढ्यावर दोघे खूश होऊन घरी जात. मला ही माणसे आवडत. पोटातले पोटात ठेवून ती थट्टा तेवढी बाहेर काढत.

या सगळ्यांत मला जवळची होती हिल्डा ट्रँटर. लॉन्ड्रीत उभी राहून राहून तिचे गुडघे गेले होते. रोज अकराला ती यायची, "दोनच मिनिटं टेकते हं," म्हणायची आणि साडेबारापर्यंत हलायची नाही. शेजारी कोणीही बसो, तिची जीभ सुरू. एकदा एक पाहुणा भलतीच रंगीत टोपी घालून बसला. हिल्डाने विचारले, "टोपी हौसेनं घेतलीस, की कोर्टानं सांगितलंय?" तो माणूस पुढे दर उन्हाळ्यात यायचा आणि आधी तिला शोधायचा.

तिचा नवरा डेस्मंड पूर्वी बस चालवायचा. तो कमी बोलणारा. पिकल नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला पायाशी घेऊन तो तिच्या शेजारी बसे. हिल्डाचा भाऊ आर्नल्ड लमली याचे मात्र उलट. तो चॅपलचा, म्हणजे गावच्या छोट्या चर्चचा, प्रवचनकार. उन्हाळ्यातल्या रविवारी तो माझ्याजवळ छोटी लाकडी पेटी मांडून तिच्यावर उभा राहायचा. दोन वाक्ये बोलायचा आणि तिसरे गायचा. काय सांगू मित्रांनो, त्याचा आवाज चढला की माझ्या फळ्यांतले खिळेसुद्धा गुणगुणायचे. वाळूत खेळणारी मुले फावडी टाकून ऐकायची. देवाने हा गळा दिला तेव्हा देवाचा हात सैल सुटला असावा. हे मी मान्य करतो, त्याच्यावर कितीही रागावलो असलो तरी.

एका ऑक्टोबरात भाऊ-बहीण दोघेच माझ्यावर बसले होते. हिल्डा फार आजारी होती आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

"मी गेल्यावर माझ्या नावाची पट्टी या बाकावर लावतील," ती म्हणाली. "तिच्यावर बायबलचं वचनबिचन नको हं, आर्नल्ड. 'दोनच मिनिटं टेकते म्हणाली होती,' एवढंच लिहायला सांग."

आर्नल्ड आधी दचकला. मग इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "डेस्मंडला सांगशील ना?" तिने विचारले. "सांगतो," तो म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात हिल्डा गेली.

आर्नल्डने सांगितले नाही. त्याला बहिणीच्या नावाखाली वचन हवे होते. 'थोडं थांबू, मग सांगू,' असे त्याने स्वतःला समजावले असेल. पण मार्चमध्ये डेस्मंड स्वतःच पितळी पट्टी घेऊन आला आणि माझ्या पाठीवर चार स्क्रूंनी बसवून गेला. पट्टीवर लिहिले होते, 'हिल्डा ट्रँटर. दोनच मिनिटं टेकते म्हणाली होती.'

त्याला कुणी सांगितले नव्हते. एकेचाळीस वर्षे तिच्याबरोबर काढून त्याला ते आपोआप सुचले होते.

आर्नल्डने पट्टी वाचली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. जे त्याला सांगावे लागले, ते डेस्मंडला न सांगता कळले होते. हे त्याला सोसवले नाही. त्याच दुपारी त्याने नगरपालिकेला पत्र लिहिले की ही मृत व्यक्तीची विटंबना आहे, पट्टी काढावी. माझ्या पायाला नोटीस बांधली गेली. हरकती आणि सूचनांसाठी अठ्ठावीस दिवस.

तेव्हापासून दोघेही रोज अकराला येत. एक या टोकाला बसे, एक त्या टोकाला. ते एकमेकांशी बोलत नसत, कुत्र्याशी बोलत.

"पिकल," आर्नल्ड म्हणे, "तुझ्या मालकाला सांग, गेलेल्या माणसाची थट्टा भित्रा माणूस करतो."

"पिकल, शेजारच्या गृहस्थांना विचार," डेस्मंड म्हणे, "यांच्या प्रवचनाला जी माणसं मेल्यासारखी पडलेली असतात, त्यांची थट्टा चालते का?"

बिचारा पिकल दोघांकडे बघून शेपटी हलवायचा. सगळ्या गावात त्यालाच काय ती अक्कल होती.

गावाने आगीत तेल ओतले. प्लॅस्टिकमध्ये घातलेले कागद माझ्यावर चिकटू लागले. एकावर होते, 'ज्यांना विनोद कळत नाही त्यांनी कृपया पलीकडच्या बाकावर बसावे. धन्यवाद.' त्याखाली दुसऱ्याच दिवशी, 'पलीकडच्या बाकावर सीगल पक्ष्यांची घाण आहे, तिथे आपलीच शोभा जास्त. धन्यवाद.' माझ्यावर बसून मला कुणी विचारले नाही की बाबा, तुला काय माहीत आहे. मला सगळे माहीत होते. लाकूड म्हणून जन्मलो याची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

सव्विसाव्या दिवशी डेस्मंड नेहमीपेक्षा लवकर आला. आर्नल्ड आला तेव्हा त्याने कुत्र्याकडे न बघता सरळ त्याच्याकडे पाहिले.

"आर्नल्ड, एकच विचारतो. मला सुचलं ते लिहिलं. पण रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. तू तिचा भाऊ. तिला लागलं असतं का रे?"

मित्रांनो, त्या क्षणी एक शब्द पुरला असता. आर्नल्डने हातमोजे नीट केले.

"मिस्टर ट्रँटर," तो म्हणाला, "तुम्हाला हे विचारावं लागतंय, यातच उत्तर आलं."

इतकी वर्षे ज्याला तो डेस म्हणत होता, त्याला तो 'तुम्ही' म्हणाला.

डेस्मंडने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तीन स्क्रू सुटले. चौथा खाऱ्या वाऱ्याने गंजला होता आणि मीही तो जमेल तेवढा धरून ठेवला. डेस्मंडची बोटे सोलली, तरी त्याने तो काढलाच. पट्टी कोटात घातली. "माफ कर, हिल्डा," एवढे पुटपुटला आणि पिकलला घेऊन निघून गेला. त्याच आठवड्यात तो मुलीकडे, लीड्स शहरात, राहायला गेला.

आर्नल्ड जिंकला. तो रोज येऊन एकटाच बसू लागला. जूनमध्ये त्याने पेटी मांडून क्षमेवर प्रवचन गायले. लोकांनी रुमाल काढले. माझे खिळे मात्र त्या दिवशी गप्प होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मासळी तळायच्या दुकानातली ग्लेनिस येऊन त्याच्या शेजारी बसली. सत्तरीची, दंड पैलवानासारखे. चिप्सचा कागद उलगडून ती म्हणाली, "वारा आहे."

"आहे."

"कालचं ऐकलं तुमचं. क्षमेचं."

"आवडलं?"

"गळा गोड आहे. पोटात काय आहे ते कळेना."

ती खात राहिली. "डेस्मंड गेल्यापासून इथं बसून कुणाशी भांडता?"

आणि इतक्या महिन्यांनी त्याने तोंड उघडले. ऑक्टोबरातली ती सकाळ त्याने सांगितली, हिल्डाचे शब्द सांगितले. ते सांगताना त्याला हसू आले आणि अर्ध्यावरच थांबले. ग्लेनिस हसली नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तो बिचारा तोंड वर करून विचारत होता, तेव्हाही?"

"तेव्हाही."

तिने कागदाचा बोळा केला. "मिस्टर लमली, पन्नास वर्षं मी मासळी विकते. नासलेलं काय ते मला वासावरून कळतं. तुमच्या बाबतीत नाकच दगा देऊन बसलं होतं माझं." मग म्हणाली, "लीड्सची बस दर तासाला सुटते."

"मला वेळा ठाऊक आहेत," तो तुटकपणे म्हणाला.

"मग बसलात कशाला?"

ती निघून गेली. आर्नल्ड बराच वेळ बसून राहिला. एक बस गेली. दुसरीही गेली. तिसरीच्या आधी तो उठला. पाय वळले होते, माझ्या हाताचा आधार घेऊनच त्याला उभे राहता आले. घर उजवीकडे होते. तो डावीकडे, बसथांब्याकडे गेला.

लीड्समध्ये काय झाले ते मला माहीत नाही. डेस्मंडने दार उघडले की तोंडावर आपटले, कुणी सांगितलेले नाही. खरे सांगायचे तर मी आपटले असते. पण मी लाकूड आहे, आणि लाकडाला दया उशिरा सुचते.

मित्रांनो, माझ्यावर नावे कोरू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, एवढे तर कोणताही बाक मागेल. मी आणखी एक मागतो. गेलेल्या माणसाचा निरोप तुमच्यापाशी असेल, तर तो आजच्या आज पोचवा, मग पोचवताना नाक कापले गेले तरी चालेल. मी तो निरोप कान देऊन ऐकला होता आणि माझ्यापाशी तोंड नव्हते.