गुंजनचा खुला कोड

बोंडअळीने कपाशी खाल्ली, त्याच्या पुढचा हंगाम. उमरखेडच्या शेतकरी कंपनीच्या कचेरीत सकाळपासून एकच तक्रार होती, मोबाइलवरचं ॲप बंद पडलं! शेतातल्या सापळ्यात बोंडअळीचे किती पतंग अडकले ते भरलं, की फवारायचं की थांबायचं हे ते ॲप सांगायचं.

कपाशीवाले शेतकरी मारोतराव दारातूनच म्हणाले, "साकेत, फवारू का नको, एवढं सांग मले. मागच्या साली फवारतानाच माह्या भावाले विषबाधा झालती. उगाच पंप पाठीवर घ्याची हिंमत नाही होत."

साकेत कंपनीचं संगणकाचं काम पाही. त्याने यवतमाळच्या गुंजनला फोन लावला. नोकरी सांभाळून तिनेच हे ॲप बनवलं होतं आणि त्याचा कोड कोणीही वाचावा, दुरुस्त करावा म्हणून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता.

"आज बाबांचं ऑपरेशन आहे हो," ती म्हणाली. "परवा बघते."

"परवा? कोड लोकांसाठी खुला केला ना तुम्ही? मग ॲप चालू ठेवणं तुमचं कर्तव्यच आहे!"

पलीकडून फोन बंद झाला.

कंपनीच्या व्यवस्थापक रजनीताई ऐकत होत्या. "साकेत, ते पोरगी काय आपली नोकर हाये?"

"पण ताई, ज्याला येतं त्यानं द्यायला नको?"

"मनात आलं तर द्यावं. तिनं तर दिलंच नं! आपण वापरूनच राह्यलो. एकदा तरी विचारलं, बाई, तुले काही मदत पाह्यजे का? आन् कोड खुला हाये म्हणतो, तर तुलेही खुलाच हाये. तू काहून नाही उघडत?"

साकेत वरमला. खरंच की! इंजिनिअर तर आपणही आहोत! त्याने कोड उघडला. दुपारपर्यंत झगडल्यावर चूक हाती लागली. फोनच्या नव्या अपडेटनंतर पतंगांचे आकडे साठतच नव्हते. त्याने दुरुस्त केलेलं ॲप मारोतरावांच्या मोबाइलवर टाकलं, त्यांनी सापळ्याचा आकडा भरला आणि उत्तर उमटलं, 'सध्या फवारणी नको.'

"सुटलो रे बाप्पा!" मारोतरावांनी कपाळावरचा घाम पुसला.

साकेतने ती दुरुस्ती गुंजनला पाठवली, सोबत माफीही मागितली. संध्याकाळी तिचाच फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

"सकाळी वाटलं, सगळं काढूनच टाकावं," ती म्हणाली. "आजवर सगळ्यांनी मागितलंच. काही करून पाठवणारे तुम्ही पहिले."

"यापुढे तक्रारी माझ्याकडे येऊ द्या. तुम्ही बाबांजवळ बसा."

गुंजन मोकळेपणाने हसली.

वाचकहो, आपलं ज्ञान खुलं करणारी माणसं समाजाला हवीच आहेत. पण ते देणं त्यांच्या मनाचा मोठेपणा आहे, त्याची सक्ती करण्याचा हक्क कोणालाच नाही. घेताना आभार मानावेत आणि ज्याला जमेल त्याने आपला हातही त्या कामाला लावावा!