पहिल्या दिवसाची नळी

तपासणीच्या प्लेटच्या कोपऱ्यातला खळगा पिवळा झाला आणि चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं.

रक्ततपासणीच्या त्या तळघरात तिला सगळे चिमणीच म्हणत. अंगानं एवढीशी, तोंडानं भारी. तिला चौथा महिना होता. गर्भार बायकांपैकी किती जणींना टॉक्सोप्लाझ्मा हा आजार होऊन गेलाय आणि कशामुळे, या पाहणीचं काम तिच्याकडे होतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांना ती रोज विचारायची, "घरी मांजर आहे? तिची घाण कोण काढतं? मातीत हात घालता? मटण पूर्ण शिजवता ना?" वर उपदेशाचे डोसही पाजायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरी या बाईसाहेब कुंड्यांची माती उघड्या हातांनी उकरत, गाजर ओढणीला पुसून खात आणि मांजराची वाळूची पेटीही स्वतःच साफ करत. सासूबाई ओरडल्या की म्हणत, "काही होत नाही हो आई."

प्रत्येक प्लेटमध्ये एका खळग्यात हा आजार कधीच न झालेल्या माणसाचं रक्त घालतात. आजार होऊन गेला असेल तर खळगा पिवळा होतो, म्हणून हा कोराच राहायला हवा; रंगला तर सगळी प्लेट बाद. आज सकाळी ते रक्त संपलं होतं. चिमणीनं घाईघाईत स्वतःचंच घातलं, तेही न तपासता. मला काय धाड भरलीय, असा तिचा हिशेब.

मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, प्लेट उजेडात धरली. "किट बिघडलंय. टाकून दे, उद्या नवं लावू."

पळवाट समोरून चालत आली होती. गप्प बसलं की झालं. पण पोटावर गेलेला हात काही केल्या हलेना.

"बाई, किट ठीक आहे. ते रक्त माझं आहे."

बाईंनी प्लेट खाली ठेवली. "अक्कल गहाण टाकलीस का गं?" असं म्हणाल्या खऱ्या, पण खुर्ची तिच्याकडे सरकवली. आजार होऊन गेलाय एवढंच ही तपासणी सांगते, कधी ते नाही. दिवस राहण्याआधी झाला असेल तर सहसा बाळाला भीती नसते. नंतर झाला असेल तर तो बाळाच्या डोळ्यांपर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. हे चिमणीनं शेकडो बायकांना समजावलं होतं. आज तिला स्वतःला एक शब्द धड आठवेना.

"रुजू झालीस त्या दिवशी तुझं रक्त घेतलं होतं," बाई म्हणाल्या.

तळघराचा नियमच होता तो. नवीन माणूस आलं की पहिल्याच दिवशी त्याच्या रक्ताची एक नळी गोठवून ठेवायची. चिमणीची नळी तीन वर्षं बर्फात पडून होती.

बाईंनी शेजारच्या प्रयोगशाळेतून आजार न झालेलं, तपासलेलं रक्त मागवलं. नव्या प्लेटमध्ये चाळीस बायका, शेवटी चिमणीचे दोन खळगे, जुना आणि आजचा. जुनाही पिवळा झाला तर आजार रुजू होण्याआधीचा; कोरा राहिला तर या तीन वर्षांतला, कदाचित या चार महिन्यांतलाच. दोन तास तिचा जीव टांगणीला लागला होता. मध्येच सासूबाईंचा फोन आला. "येताना दूध आण गं, मांजर सकाळपासून ओरडतंय." तिनं कसंबसं "हो आई" म्हटलं आणि फोन ठेवला.

रसायनाचा शेवटचा थेंब पडला. शेजारून आणलेल्या रक्ताचा खळगा कोराच राहिला, आजचा पिवळा झाला. मग जुनाही झाला, तितकाच गडद.

"जुनंच आहे गं, चिमणे!" बाई म्हणाल्या, आणि चिमणी टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. पाहणीत पिवळा रंग बघून तिला आनंद होण्याची ही पहिलीच वेळ होती.

डोळे पुसून ती वर बघते तो बाकीच्या चाळिसांतले अकरा खळगेही पिवळे. या अकराजणींची पहिल्या दिवसाची नळी कुठल्याच बर्फात नव्हती. त्यांना आणखी तपासण्या होत्या, आणि निकाल येईपर्यंत नुसती वाट बघणं.

त्यांतली एक बाहेर बाकावरच होती. चिमणी दिसताच ती उठली. "ताई, बाळ ठीक आहे ना माझं?"

चिमणी रोज उभ्यानंच बोलायची. आज ती तिच्याशेजारी बसली.