कुलूप विसरलेला वॉचमन

जर-तरच्या कादंबऱ्यांना बक्षीस देणारी एक संस्था शहरात होती. जर-तरच्या म्हणजे, हरलेला राजा जिंकला असता तर, झालेलं युद्ध झालंच नसतं तर, असल्या. पेंटर त्यांना रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणायचा. जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पुस्तकांच्या वाटेला कधी गेला नाही. पण त्या संस्थेची एक रीत त्याच्या कानावर आली आणि गडी लिहायलाच बसला.

रीत अशी. बक्षीस देण्याआधी सभागृहातल्या सगळ्यांनी उभं राहायचं आणि बाईंनी, म्हणजे अध्यक्षांनी, खरं काय घडलं होतं ते मोठ्याने वाचायचं. मग लेखकाने आपलं न घडलेलं पान वाचायचं. पेंटरला बक्षिसाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला लोक उभे राहिलेले बघायचे होते.

त्याची एकुलती एक पोर, घरात तिला चिमणी म्हणत, कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला जायची. पोरी माल पळवतील म्हणून मालक बाहेरून कुलूप घालायला लावायचा. आग लागली तेव्हाही ते होतंच. पेंटर समोरच्या दुकानाची पाटी रंगवत होता. शिडीवरून उडी टाकून तो धावला. दारावर आतून पडणाऱ्या थापा त्याने ऐकल्या आणि त्या थांबल्या तेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, किरकोळ आग, सर्व कामगार सुखरूप. मालकाने कानावर हात ठेवले. चौकीतला साहेब म्हणाला, "तरुण पोर आहे, गेली असेल कुणाबरोबर तरी." शेजारपाजारचे आधी हळहळले, मग तेही तेच कुजबुजायला लागले. कारखान्याच्या जागी बाग झाली. लोक तिथे सकाळी फिरायला जातात. पेंटरची बायको मात्र कुणी 'पळून गेली' म्हटलं, की भर रस्त्यात ओरडायची, "जळाली माझी पोर! जळाली!" लोक तिला वेडी म्हणत. म्हणोत बापडे.

खरं लिहिलेलं छापायला कुणी धजेना, म्हणून पेंटरने 'जर' लिहिलं. त्या दिवशी वॉचमन कुलूप लावायला विसरला. पोरी धडाधडा जिना उतरल्या, रस्त्यावर खोकत, हसत उभ्या राहिल्या. केसांना धुराचा वास येतो म्हणून आईने चिमणीला न्हाऊ घातलं. हे पान ऐकताना बायकोने तोंडात पदर कोंबला.

"खोटंच आहे हो सगळं," ती म्हणाली. "पण खरं त्यांना वाचावंच लागेल ना?"

"लागेल. रीतच आहे त्यांची."

बक्षीस लागल्याचा फोन आला. दोघं कडक इस्त्रीचे कपडे घालून गेली. बायको पुढच्या रांगेत बसली आणि बाईंनी पेंटरला पडद्यामागे बोलावलं. बाई माणूस म्हणून चांगल्या होत्या, हेच वाईट.

"काका, एक घोटाळा झालाय. जर-तरची कादंबरी म्हणजे इतिहासापेक्षा वेगळं काहीतरी घडायला हवं. आम्ही जुने पेपर काढून पाहिले. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं होतं. आग छोटी, सगळ्या सुखरूप."

"ते खोटं छापलंय, बाई."

"असेल हो काका. पण आम्हाला छापील पुराव्यावरच चालावं लागतं. पुस्तक मात्र सगळ्यांना इतकं आवडलं, की यंदा तुमच्यासाठी वेगळं बक्षीस ठेवलंय. अस्सल आठवणींचं."

आपणच त्यांच्या खोट्यावर रंगाचा शेवटचा हात मारला, हे पेंटरला तिथे उभ्या उभ्या कळलं. निघून जावं, तर पुढच्या रांगेत बायको वाट बघत बसली होती. मग त्याने ठरवलं, त्या वाचणार नसतील तर आपणच सांगू.

त्याचं नाव पुकारलं. कुणी उभं राहिलं नाही. पेंटरने पुस्तक मिटलं आणि माईक धरला.

"यात लिहिलंय तसं झालं नाही. दाराला कुलूप होतं. आत पोरी होत्या. माझी पोर जळाली."

सभागृह चिडीचूप झालं. क्षणभर त्याला वाटलं, पोचलं. तेवढ्यात मागून कुणीतरी "वा!" म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जर-तर ऐकायलाच आलेली मंडळी ती.

"बघा," बाई कौतुकाने म्हणाल्या, "काकांनी पुढच्या कादंबरीचा 'जर' आत्ताच सांगून टाकला! दार बंद असतं तर!"

गळ्यात हार पडला तेव्हा पेंटरने मान वाकवली.

खाली चहाच्या टेबलाशी एक पोक्त बाई त्याच्या बायकोचा हात हातात घेऊन उभ्या होत्या. "किती गोड लिहिलंय तुमच्या मिस्टरांनी. ती न्हाऊ घालण्याची जागा तर! काय करते हो मुलगी आता?"

पेंटर घाईघाईने पुढे झाला. आता ही ओरडणार, हे त्याला ठाऊक होतं. ओरडू दे, अगदी छत फाटेस्तोवर ओरडू दे, असंच त्याला वाटत होतं.

बायकोने त्याच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं.

"मजेत आहे," ती म्हणाली. "दोन मुलं आहेत तिला."