मिठाची माती

म्हैसूरचं नाव जाऊन राज्य कर्नाटक झालं, त्या सुमाराची गोष्ट. निर्णा गावाजवळच्या वळणावर मिठाची लॉरी उलटली. लोकांनी घमेली भरभरून मीठ नेलं. मुरमात कालवलेलं उरलं, त्याचा रस्त्याच्या कामावरच्या माणसांनी फावड्यानं ओढून नदीच्या उतारावर ढीग घातला आणि ते निघून गेले.

ढिगाच्या बरोबर खाली झिरा होता. झिरा म्हणजे नदीच्या वाळूतला खड्डा, तळातून पाणी पाझरणारा. पिराजीच्या बायकोनं, सुमननं तो खणला होता. गावच्या आडाला यांच्या वस्तीला शिवू देत नसत. कुणी वरून ओतेल, तेव्हा ओंजळीत पाणी. बौद्ध झाल्यावर सुमन म्हणाली, "आता ओंजळ पसरायची न्हाई," आणि खोरं घेऊन वाळूत उतरली.

ती माघात गेली. तेव्हापासून पिराजीच्या जिभेला चव नव्हती. कालवणात मीठ पडलं की नाही, हेही त्याला कळत नसे.

"भावजी, ढिगाकडं बघत काय बसलाव?" भावजय शोभाबाई म्हणाली. "वळीव आला की सगळं झिऱ्यात. मग हायेच पुन्हा आडावर ओंजळ."

सुमननं देव्हारा सोडला, उपास सोडले, पण मीठ सांडलं की दाणा न दाणा वेचायची. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं तिची आई सांगायची. पिराजी हसायचा, "देव सोडलास, ही पापणी कामून सोडंनास?"

"ते देवाचं न्हाई, मिठाचं हाय," ती म्हणायची.

तो उठला आणि टोपली भरू लागला. रस्त्यापलीकडं बसवराजचं गुऱ्हाळ होतं. हंगाम संपून पत्र्याखालची जागा रिकामी पडली होती.

"पिराजी, गुळाच्या जागी मीठ भरायलास व्हय?" बसवराज खाटेवरून ओरडला. "पुढच्या साली माझा गूळ खारट निघाला तर?"

"हुमनाबादचे कातडीवाले कातडं खारवायला नेतेत, अप्पा. पाऊस जाऊ द्या."

बसवराज उठून पत्र्याखाली आला. "कढईजवळ नको, त्या कोपऱ्यात टाक. अन् ती टोपली फुटकी हाय. आमचं घमेलं घे."

मग शोभाबाई आली, वस्तीतल्या बायका आल्या. तळाची मातीसुद्धा खरवडली. हाताच्या भेगांत मीठ शिरून बायका हात झटकू लागल्या. पिराजीलाही झोंबत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या हाताला झोंबावं तसं.

वळीव आला तेव्हा उतारावर खोऱ्याचे ओरखडे तेवढे उरले होते.

सकाळी शोभाबाईनं झिरा उपसला, नवं पाणी भरू दिलं आणि तांब्या पुढं केला. "तुमी प्या आधी. तिचा झिरा हाय."

पिराजी प्याला.

"कसं लागायलंय?"

"काईच लागंना."

तिनं तांब्या ओढून घेऊन घोट घेतला. "मग गोडंच हाय की वो! चांगल्या पाण्याला काय लागायचं असतंय?"

पिराजी खाली वाकला आणि त्यानं झिऱ्यातून ओंजळ भरून घेतली.