अकरावं भोक

नेमबाजीच्या क्लबातली जाकिटं उसवली म्हणून शिंपी ती शिवायला गेला आणि स्वतःच तिथे अडकला. आधी क्लबातले लोक "एकदा अंगात घालून बघा" म्हणाले, मग पॉइंट टू-टूची रायफल हातात दिली, आणि झालं! शिकवणाऱ्या बाई रोज ओरडायच्या, "श्वास रोखून धरा हो!" ते काही जमेना. एके दिवशी त्याने दुकानातल्या सवयीने ओठांत टाचण्या धरल्या, तर श्वास आपसूक थांबला आणि गोळी थेट मधल्या ठिपक्यात! बाईंनी कपाळाला हात लावला.

आता हे दाजींना कसं पचावं? दाजी म्हणजे शिंप्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मेहुण्याने काही केलं की ते आपण दुप्पट करून दाखवायचं, ही त्यांची जन्माची खोड. लगेच शेजारच्या चटईवर तेही नेम धरायला पालथे पडले. पालथे कसले, पोटावर डुलत होते बिचारे.

क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती. शिंप्याला ती अगदी जिवापाड हवी होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, एकदा तरी संघाचं नाव स्वतःच्या पाठीवर शिवायचं होतं. निवडीच्या दिवशी दोघांना दहा-दहा गोळ्या मिळाल्या. नंतर पंचांनी निशाणाचे कागद आणले. दाजींच्या कागदावर नऊ भोकं, शिंप्याच्या कागदावर अकरा.

"कुणीतरी शेजाऱ्याच्या निशाणावर झाडलीय," पंच म्हणाले.

"छे! माझ्या दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या," दाजी ठासून म्हणाले. "यानेच एक जास्त झाडली असणार. काय रे?"

जास्त झाडली म्हटलं की गुण कापणार आणि जागा दाजींना जाणार. शिंप्याची मान सवयीने होकारार्थी हलायला लागलीच होती. मागे ताई बसलेली, तिच्यादेखत तिच्या नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? पण आज जीव ऐकेना. त्याने ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"दाजी, दरवर्षी तुमची पँट कमरेत घट्ट होते आणि दरवर्षी मी म्हणतो, माझं माप चुकलं. ते पुढेही म्हणेन. पण ही गोळी तुमची आहे."

मग ताई फिसकन हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई! म्हणजे मापं बरोबर होती? आणि मी यांच्या नादी लागून गावभर सांगत सुटले, माझ्या भावाला धड शिवता येत नाही म्हणून!"

दाजींनी पँट वर ओढली आणि पंचांना हळूच म्हणाले, "लिहा. माझीच ती गोळी."