हातावरचं दही

डोंबिवलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून हातावर दही घेतल्याशिवाय बाहेर पडायची कोणाची टाप नव्हती. इतर घरांत परीक्षेला किंवा लांबच्या प्रवासाला निघताना दही देतात. इथे साकेत ऑफिसला निघाला तरी दही, त्याची लेक मुक्ता शाळेला निघाली तरी दही, बायको ऋजुता खाली कोथिंबीर आणायला निघाली तरी दही. दाराशी वाटी-चमचा घेऊन रघु उभा. उजवा हात पुढे करायचा, तळव्यावरचं दही त्याच्यादेखत चाटून खायचं, मग तो बाजूला व्हायचा. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही त्याने सोडलं नव्हतं. तो प्लंबर पुन्हा पुन्हा यायचा, पण ते दह्यामुळे नव्हे, त्याच्या कामामुळे.

रघु म्हणजे साकेतचा धाकटा भाऊ. वय अडतीस, अंगाने धिप्पाड आणि समज सहा वर्षांच्या मुलाची; जन्मापासून मंद चाललेली आणि तिथे येऊन थांबलेली. त्याच्या आईने, प्रमोदिनीबाईंनी, चिकाटीने त्याला एक काम शिकवलं होतं, दही लावायचं. दूध कोमट झालं की करंगळी बुडवून बघायची, विरजण घालायचं आणि पातेलं मुळीच हलवायचं नाही. हे तो इतक्या निगुतीने करायचा की लग्न होऊन आल्यापासून ऋजुताने दह्याच्या पातेल्याला कधी हात लावला नव्हता. विरजणही बाईंच्या वेळचंच, आजच्यातलं उद्यासाठी ठेवत ठेवत चालत आलेलं.

एका दुपारी प्रमोदिनीबाईंच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली, स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं, सगळे एकमेकांवर ओरडत होते. त्या गडबडीत रघु वाटी घेऊन "आई, दही, आई, दही" करत मागे धावत होता, पण कोणी थांबलं नाही. संध्याकाळी घरी जे आणलं, ते आई आहे हे त्याने मान्यच केलं नाही. "आई दही न खाता गेली. म्हणून आली नाही," एवढंच तो म्हणाला. त्याला कोण काय समजावणार? दुसऱ्या दिवशीपासून तो दाराशी उभा राहायला लागला. आणि बघा, ज्यांनी ज्यांनी दही खाल्लं ते सगळे संध्याकाळी परत येत गेले. रघुचा हिशोब कधी चुकला नाही.

तो चुकवायची वेळ घरच्यांनीच आणली.

साकेतला परदेशाचं वेड कॉलेजपासूनचं. आधी वडील गेले, मग आई गेली, तेव्हा ते मागे पडलं. आता ऐरोलीच्या त्याच्या कंपनीने तीन देशांतली ऑफिसं पुढे केली आणि त्यातलं एक निवड म्हणून सांगितलं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. कॅनडात थंडी फार, न्यूझीलंडला पगार कमी, ऑस्ट्रेलियात घरभाडं फार. मुक्ताला कांगारू बघायचे होते. ऋजुता मात्र प्रत्येक देशाबद्दल एकच विचारायची, "आणि रघु?"

ठाण्याच्या व्हिसा कन्सल्टंटने ते एका वाक्यात निकालात काढलं. "मॅडम, फॅमिली म्हणजे तुम्ही, सर आणि बेबी. भाऊ त्यात येत नाही." तिने तिन्ही देशांचं वेगवेगळं विचारलं. त्याने तिन्ही वेळा तेच सांगितलं, फक्त शेवटच्या वेळी जरा वैतागून.

"मी थांबते इथे. तू पुढे हो," घरी येऊन ती साकेतला म्हणाली.

"किती वर्षं? आणि मुक्ता?" साकेतने चष्मा काढून डोळे चोळले. "मी त्रेचाळीसचा आहे, ऋजुता. इथे नोकरकपातीच्या पुढच्या राऊंडला माझं नाव लागणारच आहे. हा चान्स परत नाही येणार. आणि रघुसाठी चांगली जागा बघूच ना आपण. टाकून थोडीच चाललोय त्याला?"

टाकून हा शब्द तिने उच्चारलाच नव्हता. तो त्याच्याच तोंडून बाहेर पडला.

खोटं कशाला सांगा, ऋजुतालाही जायचं होतं. चौदा वर्षं ती त्या धिप्पाड मुलाला आंघोळीला पाठवत होती, त्याची दाढी करत होती, त्याचे हट्ट पुरवत होती. एखादा रविवार असा असावा की कोणी दाराशी उभं नाही, मनात आलं की चप्पल घातली आणि निघालं, असं तिच्याही मनात येऊन जायचं. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटायची की त्या दिवशी ती रघुसाठी शिरा करायची. शेवटी मेलबर्न ठरलं, आणि ते ठरताना ती नाही म्हणाली नाही.

मग रघुने कुठे राहायचं याची शोधाशोध सुरू झाली. मेलबर्नच्या घरासाठी साकेतने शाळा, बस, दवाखाना, दुकानं सगळं फोनवर धुंडाळलं होतं. रघुच्या घरासाठी ऋजुताने एकच गोष्ट बघितली. शीळफाट्याजवळच्या संस्थेत चकचकीत फरशा होत्या, मोठा टीव्ही होता, पण तिने विचारलं, "त्याला स्वयंपाकघरात जाऊ देता का?" तर तिथले साहेब हसले. आंबिवलीला स्टेशनपासून आत एक जुनं बैठं घर होतं, दहा-बारा अशीच मोठी मुलं होती आणि सगळा कारभार बिट्रिस नावाच्या एका बाईंच्या हाती होता. उत्तनच्या कोळ्याघरची बाई, आवाज खणखणीत, बोलायला फटकळ.

"दही लावतो? लावू दे की," बिट्रिसताई म्हणाल्या. "माझा तेवढाच ताप कमी. पण एक ऐका, सोडून गेलात की पंधरा दिवस इकडे फिरकायचं नाही. फोन मी करीन. घरची माणसं सारखी दिसली तर ही मुलं रुजत नाहीत."

रघुला काय सांगायचं ते साकेतने ठरवलं. बिट्रिसताईंकडे दही लावायला कोणी नाही, तुझ्यावाचून अडलंय. रघुला ते लगेच पटलं. कोणाचं आपल्यावाचून अडतं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. "आणि तुम्ही?" त्याने विचारलं. "आम्ही येतो ना," साकेत म्हणाला आणि बॅगेची चेन लावत बसला.

आंबिवलीला जाताना रघुने कपड्यांच्या बॅगेकडे बघितलंही नाही. विरजणाचं पातेलं मात्र मांडीवर घेऊन बसला आणि खड्डा आला की ड्रायव्हरवर डाफरत होता, "हळू रे! मोडेल ते!" पोचल्यावर त्याने खाट बघितली, स्वयंपाकघर बघितलं, दुधाचं भांडं वाजवून बघितलं. सगळं पसंत पडलं. निघायची वेळ झाली तेव्हा तो वाटी-चमचा घेऊन फाटकापाशी येऊन उभा राहिला, घरी दाराशी उभा राहायचा तसाच.

साकेतने दही घेतलं, झटकन तोंडात टाकलं आणि वळून गाडीत जाऊन बसला. मुक्ताने खाल्लं आणि काकाच्या शर्टाला हात पुसला. मग ऋजुताचा हात पुढे आला. तळव्यावर दह्याचा तो गार, घट्ट गोळा पडला. हे खाणं म्हणजे रघुच्या तोंडावर खोटं बोलणं होतं. साकेतसारखं आपल्याला ते गिळता येणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

"खा ना, वहिनी."

"गाडीत खाते रे."

तिने मूठ मिटली. बोटांच्या फटींतून दही गळायला लागलं. गाडीपाशी गेल्यावर तिने बाटलीतलं पाणी हातावर ओतलं. मागे वळून बघितलं तर रघु फाटकाचा गज धरून तिच्या हाताकडेच बघत होता.

डोंबिवलीचं घर भाड्याने गेलं होतं, म्हणून पुढचे पंधरा-सोळा दिवस ती तिघं वर्तकनगरला ऋजुताच्या माहेरी राहिली. खरेदी, वजनकाटा, पुन्हा खरेदी. ऋजुता सगळं करत होती आणि फोन वाजला की दचकत होती. बिट्रिसताईंचा फोन आला तो निघायच्या आदल्या दिवशी सकाळी.

"जेवतो, झोपतो, दही बेस्ट लावतो. इथल्या दूधवाल्याला पण हातावर दिल्याशिवाय सोडत नाही," त्या म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "पण बाई, तुम्ही वारलात म्हणून सगळ्यांना सांगत फिरतो. काल म्हटलं, चल, वहिनीला फोन लावते, तर हात मागे घेतला. म्हणतो, वहिनी दही न खाता गेली, आईकडे गेली. रडत नाही. नुसता बसून राहतो."

ऋजुताने फोन ठेवला आणि तिथेच उघड्या बॅगेशेजारी बसून हमसून हमसून रडली. साकेत धावत आला. सगळं ऐकल्यावर तो हळूच म्हणाला, "असू दे ना तसंच. कदाचित त्याला ते सोपं जाईल. वाट तरी नाही बघणार."

"तुझी बघतोय ना तो वाट! तू खाल्लंयस!" ती ओरडली. तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच मागे गेली. "मी जिवंत आहे, साकेत. मी जाणार त्याच्याकडे. त्याच्या हातचं दही खाणार आणि दर वर्षी येणार. तू ये नाहीतर नको येऊ. मी येणार."

हे तिने रागात म्हटलं खरं, पण रिक्षात बसल्यावर तिला जाणवलं की आपण ते मनापासून म्हटलंय. दर वर्षी, काय वाटेल ते झालं तरी. एकदा असं ठरल्यावर दही खाणं खोटं ठरत नव्हतं. आंबिवली येईपर्यंत तिचा जीव कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. आपण चुकलो होतो आणि आता ते सुधारायला निघालोय, असं तिला वाटत होतं.

रघु स्वयंपाकघरात फतकल मारून तांदूळ निवडत होता. तिची सावली पडली तसं त्याने वर बघितलं आणि ताट सांडलं. तो उठला, सावकाश जवळ आला, तिच्या गालाला बोट लावलं, दंडाला लावलं, मग तिचा उजवा हात उलटा करून तळवा निरखून बघितला.

"वहिनी, तू दही नाही खाल्लंस."

"नाही खाल्लं रे. चुकलं माझं."

"हात धुतलास. मी बघितलं."

"हो."

"तरी आलीस?"

"तरी आले. ही बघ, आले ना?"

तो विचारात पडला. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, तिचा हात तसाच धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की चौदा वर्षांत ऋजुताने तो तसा कधी बघितला नव्हता.

"मग आई पण येईल!"

"रघु, ऐक माझं, आई..." ती म्हणाली, पण पुढचा शब्द काही केल्या बाहेर येईना. बिट्रिसताईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि उगाचच डाळ ढवळत राहिल्या. रघुचं मात्र कोणाकडे लक्षच नव्हतं. तो टाळ्या पिटत होता. खोलीतल्या एकेका मुलाला जाऊन सांगत होता की त्याची आई येणार आहे, तिने दही खाल्लं नव्हतं, पण त्याने काही होत नाही, वहिनीने पण खाल्लं नव्हतं.

ऋजुता जेवणापर्यंत थांबली. त्याला भरवलं, त्याची नखं कापली, मेलबर्नचं नावही काढलं नाही. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा ती फाटकापाशी आली. रघु मागोमाग आला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

"निघते मी. दही दे ना," ती म्हणाली आणि तळवा पुढे केला.

रघु हसला, लहान मुलाच्या वेडेपणाला मोठं माणूस हसतं तसा. "आता नको गं. न खाता पण येतात."

"दे ना रे, एक चमचा. मला हवंय."

"विरजणाचं पण आज खाऊन टाकलं सगळ्यांनी. आता कशाला ठेवायचं?"

तो वळलाही. त्याला घाई होती. फाटकातूनच तो आत ओरडायला लागला, "बिट्रिसताई, आईला कुठली खाट? खिडकीजवळची द्या, तिला वारा लागतो!"

"येते रे रघु," ऋजुता म्हणाली. रघु चादर शोधायला आत गेला होता. रिक्षावाल्याने पुन्हा हॉर्न दिला, "मॅडम, चलायचं ना?" म्हणून विचारलं, तरी ती हात तसाच पुढे धरून उभी होती.